उतारावर न्यूट्रल? पेट्रोल नक्की जातं कुठे, आणि ते वाचवायचं कसं

(हा एपिसोडचा लेखी मजकूर आहे. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही आणि ज्यांना आकडे पुन्हा एकदा नीट बघायचेत, त्या सगळ्यांसाठी. बोलतानाची अडखळ काढली आहे, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.)

[००:००] सुरुवात घाटातून

गाडी चालवताना ऐकत असाल तर फोनला हात लावू नका, नुसतं ऐका. आजचा विषय तुमचाच आहे.

विषय सुरू करायच्या आधी एक किस्सा. माझाच आहे, आणि त्यात मी काही हिरो वगैरे नाही, आधीच सांगतो.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. आम्ही वाईहून दापोलीला निघालो होतो. गाडीत मी, आई, बाबा, आजी आणि धाकटी बहीण. डिकीत सामान, आईच्या पायाशी सामान, आजीच्या मांडीवर दशम्यांचा डबा. १.२ लिटरची साधी पेट्रोल हॅचबॅक. महाबळेश्वर मागे टाकलं आणि आंबेनळी घाट लागला. बाबा शेजारी बसलेले. म्हणाले, "टाक न्यूट्रलला. एवढा उतार आहे, पेट्रोल कशाला जाळतोस उगाच?"

मी टाकली. खरं सांगू? पहिली दहा-पंधरा मिनिटं भारी वाटलं. इंजिन शांत, गाडी आपली आपण घरंगळतेय, वळण आलं की ब्रेक, पुन्हा सोड, पुन्हा ब्रेक. फुकटचा प्रवास! मग मागून आजी म्हणाली, "काहीतरी करपतंय रे." मला वाटलं बाहेरून वास येतोय. दोन वळणं पुढे गेलो आणि ब्रेकचा पेडल दाबला तर तो नेहमीपेक्षा खाली गेला. गाडी हळू व्हायला पाहिजे होती तेवढी होईना. डाव्या हाताला दरी, समोरून एसटी वर येतेय.

घाबरून मी गाडी तिसऱ्यात टाकली, मग दुसऱ्यात. इंजिन ओरडलं, पण गाडी आवरली. पुढे जरा रुंद जागा बघून हँडब्रेक ओढून थांबलो. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. कोणी काही बोललं नाही. शेवटी आजीनेच डबा उघडला.

तेवढ्यात एक ट्रकवाले काका थांबले. धूर बघूनच त्यांना काय झालं ते कळलं. म्हणाले, "चढताना जो गिअर, उतरताना तोच गिअर. कोणी शिकवलं नाही का? आणि वाचवलं किती पेट्रोल?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पुढे बरेच दिवस लागले. उत्तर आलं ते असं: शून्य. शून्यसुद्धा नाही, आम्ही जास्त पेट्रोल जाळलं होतं. कसं, ते आज बघू. आणि त्याच ओघात पेट्रोल खरोखर कुठे वाचतं तेही बघू.

[०३:१०] पेट्रोल नक्की जातं कुठे?

एक लिटर पेट्रोलमधली सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोचते असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. साध्या पेट्रोल इंजिनमध्ये जवळजवळ तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णता होऊन जाते, सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून. म्हणजे १०५ रुपयांचं पेट्रोल भरलं तर त्यातल्या पंचवीसेक रुपयांत गाडी चालते. (आज सगळीकडे हिशेबाला १०५ रुपये लिटर धरतोय. तुमच्या गावचा भाव थोडा वरखाली असेल.)

हे जे पंचवीस रुपये चाकांपर्यंत जातात, ते खर्च होतात मुख्यतः तीन ठिकाणी. हवा बाजूला सारण्यात, टायर रस्त्यावर फिरवण्यात आणि ब्रेकमध्ये. चौथं एक आहे, चढ. पण चढावर घातलेलं उतारावर थोडंफार परत मिळतं. ब्रेकमध्ये गेलेलं कधीच परत मिळत नाही. म्हणून पहिला नंबर ब्रेकचा.

[०४:४०] प्रत्येक ब्रेक म्हणजे चार चमचे

हे मला स्वतःला फार आवडतं, कारण एकदा हे डोक्यात बसलं की ड्रायव्हिंग आपोआप बदलतं.

गाडी आणि आत बसलेली दोन माणसं मिळून ११०० किलो धरा. ही गाडी ताशी ६० किलोमीटरने चाललीय. त्या वेगात तिच्यात साधारण दीड लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. दहावीचं सूत्र आठवा, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. आता तुम्ही सिग्नलला करकचून ब्रेक मारून थांबलात. ती सगळी ऊर्जा ब्रेक पॅडमध्ये उष्णता झाली. पुन्हा ६० ला यायचं तर ती पुन्हा पेट्रोलमधून आणावी लागणार. इंजिन एक चतुर्थांशच कामाला लावतं हे धरलं तर त्यासाठी लागतं अंदाजे १९ मिलिलिटर पेट्रोल.

१९ मिली म्हणजे चहाचे जवळजवळ चार चमचे. दोन रुपये.

आता आठवा, ऑफिसला जाताना असे किती ब्रेक मारता? वीस? पंचवीस? प्रत्येक वेळी खिडकीतून दोन रुपयाचं नाणं रस्त्यावर टाकल्यासारखं आहे. आणि आपण टाकतो ते अशासाठी की समोर सिग्नल लाल दिसत असतानाही आपला पाय ॲक्सिलरेटरवर असतो.

मग करायचं काय? ब्रेक मारू नका असं मी मुळीच म्हणत नाही. ब्रेक लागेल तिथे लागलाच पाहिजे. आपण एवढंच करायचं की ब्रेकची गरज कमी पडेल असं चालवायचं. त्यासाठी तीन सवयी.

पहिली: समोरच्या गाडीकडे बघू नका, तिच्या पलीकडे बघा. दोन-तीन गाड्या पुढच्यांचे ब्रेक लाइट लागले की तुमचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठला पाहिजे. गाडी गिअरमध्येच राहू दे.

दुसरी: अंतर ठेवा. समोरच्याच्या डिकीला चिकटून चालवलं की त्याचा प्रत्येक ब्रेक हा तुमचाही ब्रेक. तीन सेकंदांचं अंतर असेल तर त्याच्या अर्ध्या ब्रेकना तुम्हाला नुसता पाय उचलून भागतं. हो, मला माहितीय, पुण्यात तेवढं अंतर सोडलं की मध्ये रिक्षा घुसते. घुसू दे. ती घुसली म्हणून तुमचे चार चमचे गेले नाहीत. तुम्ही चिडून गॅस दिला तर जातील.

तिसरी: स्पीडब्रेकर. आपल्याकडे काही रस्त्यांवर दर दोनशे मीटरला एक. दोन स्पीडब्रेकरच्या मध्ये ५० पर्यंत पळवून पुन्हा १० वर आणणं ही पेट्रोल जाळायची सगळ्यात सोपी पद्धत. मधलं अंतर ३० ने गेलात तर वेळेत काही सेकंदांचा फरक पडतो, पेट्रोलमध्ये खूप.

[०७:५०] लवकर गिअर बदला, पण इंजिनला रडवू नका

सायकल आठवा. सपाट रस्त्यावर हलक्या गिअरमध्ये भराभरा पाय मारत राहिलात तर दम लागतो आणि अंतर मात्र तेवढंच. इंजिनचंही तसंच. जेवढे फेरे जास्त तेवढं आतलं घर्षण जास्त. शिवाय पेट्रोल इंजिनला एक वेगळी अडचण असते. ॲक्सिलरेटर अगदी थोडा दाबलेला असला की हवेची वाट अरुंद असते आणि ती हवा आत ओढण्यातच इंजिनची ताकद जाते. त्यामुळे वरचा गिअर, कमी आरपीएम आणि पाय जरा ठाम, हे किफायतशीर.

छोट्या पेट्रोल गाडीत सपाट रस्त्यावर २००० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान गिअर वर टाकला तर चालतं. डिझेलमध्ये त्याहून आधी. पण एक लक्षात ठेवा, गाडी थरथरायला लागली, घुरघुरली किंवा बोनेटमधून टकटक ऐकू आली की इंजिन ओढत नाहीये. तेव्हा गुमान खालचा गिअर टाकायचा. चौथ्या गिअरमध्ये २५ च्या वेगाने चढ चढवणं म्हणजे बचत नव्हे, तो इंजिनचा छळ.

[०९:२०] आता न्यूट्रल

येऊ मुद्द्यावर. बाबा चुकीचं सांगत होते का? गंमत अशी की त्यांच्या काळात ते अगदीच चूक नव्हतं.

बाबांनी गाडी शिकली ती कार्बोरेटरच्या जमान्यात. कार्बोरेटर हा बिचारा साधा भाग. इंजिन फिरतंय म्हणजे हवा ओढतंय, आणि हवा आली की तो पेट्रोल देणार. तुम्हाला गरज आहे की नाही हे त्याला कळत नाही. गिअरमध्ये उतरताना इंजिन जोरात फिरायचं, म्हणून थोडं जास्त पेट्रोल जायचं. न्यूट्रलला टाकलं की फेरे कमी, पेट्रोल कमी. ब्रेकचा धोका तेव्हाही होताच, पण पेट्रोलचा हिशेब निदान जुळायचा.

आता तुमची-माझी गाडी फ्युएल इंजेक्शनची आहे. पेट्रोल कधी आणि किती सोडायचं हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो, ज्याला ईसीयू म्हणतात. गाडी गिअरमध्ये आहे, तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि इंजिनचे फेरे पुरेसे आहेत, असं दिसलं की ईसीयू इंजेक्टर बंद करून टाकतो. पूर्ण बंद. त्या क्षणी इंजिनला चाकं फिरवत असतात, पेट्रोल नाही. फेरे आयडलिंगच्या जवळ आले की पेट्रोल परत सुरू.

आणि न्यूट्रलला? न्यूट्रलला चाकं आणि इंजिन यांचा संबंध तुटला. आता इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. छोटं पेट्रोल इंजिन नुसतं उभं धरलं तरी तासाला साधारण ०.६ ते ०.८ लिटर पितं. एसी लावला तर आणखी. म्हणजे मिनिटाला निदान १० ते १३ मिली.

आम्ही त्या घाटात जवळपास वीस मिनिटं न्यूट्रलला होतो. २० गुणिले १२, म्हणजे २४० मिली. पंचवीस रुपये. गिअरमध्ये पाय उचलून उतरलो असतो तर त्यातले बहुतेक वाचले असते. म्हणजे आम्ही पंचवीस रुपये वाचवायला गेलो नव्हतो मंडळी, पंचवीस रुपये जास्तीचे खर्च करून पाच जणांचा जीव टांगणीला लावला होता.

तुम्हाला खात्री करायची असेल तर ज्या गाडीच्या डिस्प्लेवर त्या क्षणाचं मायलेज दिसतं, तिथे शेजारी बसलेल्याला बघायला सांगा. उतारावर गिअरमध्ये पाय उचलला की आकडा वरच्या टोकाला जाऊन चिकटतो.

एक मुद्दा प्रामाणिकपणे मान्य करतो. सपाट किंवा अगदी हलक्या उतारावर न्यूट्रलला गाडी जास्त लांब घरंगळते, कारण इंजिन तिला मागे ओढत नाही. परदेशात जे लोक मायलेजच्या स्पर्धा वगैरे करतात ते हे वापरतात. पण आपल्या रस्त्यावर, जिथे म्हैस, दुचाकी आणि खड्डा एकाच वेळी समोर येतात, तिथे गाडी गिअरमध्ये असणं म्हणजे ती ताब्यात असणं. चार थेंबांसाठी ते सोडू नका.

[१३:००] ब्रेकला खरं काय होतं

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३५० मीटरच्या आसपास. पोलादपूर अगदी खाली, कोकणात. म्हणजे बाराशे मीटरहून जास्त उतार. सामान आणि पाच माणसं धरून आमची गाडी १३०० किलोची. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात दोन मोठ्या बादल्या पाणी नळाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत जाईल, आणि वर थोडी उरेल.

ही उष्णता कुठेतरी गेलीच पाहिजे. गिअरमध्ये असाल तर मोठा भाग इंजिन आणि हवा पचवतात. न्यूट्रलला असाल तर बराचसा भार त्या तळहाताएवढ्या ब्रेक पॅडवर. पॅड तापले की त्यांची पकड कमी होते. फारच तापले तर ब्रेक ऑइल उकळायला लागतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातो. माझा गेला तसा. लोक याला 'ब्रेक फेल' म्हणतात. पण अनेकदा ब्रेक आधी नीटच असतात, आपण त्यांना भाजून काढतो.

याहून वाईट म्हणजे उतारावर चावी फिरवून इंजिनच बंद करणं. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनच्या जिवावर चालतो. इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंत मदत उरते, मग पेडल दगडासारखा. पॉवर स्टिअरिंग जड. आणि चावी चुकून पूर्ण मागे गेली तर स्टिअरिंग लॉक.

पुण्यातल्या लोकांना २० नोव्हेंबर २०२२ ची रात्र आठवत असेल. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका ट्रकने कितीतरी गाड्यांना धडक दिली. सुरुवातीला बातमी आली ब्रेक फेलची. नंतर पोलिसांच्या तपासातून समोर आलं की ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं. ज्यांच्या गाड्या त्यात चेपल्या, त्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं?

तर घाट उतरायची पद्धत, एकदा नीट लिहून ठेवा:

• उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर. तीव्र उताराला दुसरा, मध्यमला तिसरा.
• पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढा. वेग इंजिन आवरेल.
• ब्रेक सतत धरून ठेवू नका. वेग वाढला की ठाम दाबा, कमी करा, सोडा. पॅडना गार व्हायला वेळ मिळतो.
• ऑटोमॅटिक असेल तर 'डी' वर सोडून देऊ नका. मॅन्युअल मोड, 'एल', 'एस', जे काही गाडीत असेल ते वापरा. 'एन' तर नाहीच नाही.
• इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर उतारावर बॅटरी चार्ज होते. न्यूट्रलला टाकलं की तेही गेलं.
• करपल्याचा वास आला की पुढच्या सुरक्षित जागी थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, आपोआप गार होऊ द्या.

दुचाकीवाल्यांनो, गिअरच्या बाइकलाही हेच लागू. २०२० पासून बीएस-सिक्स आल्यावर बहुतेक नव्या बाइकमध्येही फ्युएल इंजेक्शनच आहे. क्लच दाबून घाट उतरायची सवय असेल तर सोडा.

[१७:०५] हायवे: बारा मिनिटांची किंमत

शहरात ब्रेक पेट्रोल खातो, हायवेवर हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला गेलात तर वेग वाढला २५ टक्के, हवेचा विरोध वाढला ५६ टक्के. १०० वरून १२० ला गेलात तर आणखी ४४ टक्के.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचं उदाहरण घेऊ. एकूण साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. घाटाचा भाग सोडला तर साधारण ८० किलोमीटर मोकळे धरू. कारला मर्यादा १०० ची. १०० ने गेलात तर हे अंतर ४८ मिनिटांत होतं, ८० ने एका तासात. फरक बारा मिनिटांचा. माझी गाडी ८० ला लिटरमागे २० देते आणि १०० ला १७. म्हणजे एका बाजूला ४ लिटर, दुसऱ्या बाजूला ४.७. सत्तर-पंचाहत्तर रुपयांचा फरक.

बारा मिनिटं हवीत की पंचाहत्तर रुपये, हे तुम्ही ठरवा. कधी बारा मिनिटंच महत्त्वाची असतात, त्यात चूक काही नाही. पण निदान किंमत माहीत असू दे. समृद्धीवर तर हे आणखी जाणवतं. ७०१ किलोमीटर १२० ने गेलात तर पाच तास पन्नास मिनिटं, १०० ने सात तास. वाचलेला तास पेट्रोलमध्ये मोजून दिलेला असतो, आणि तापलेल्या टायरवर वेगळा.

मात्र ८० ने जायचं तर उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसू नका. तुमची बचत मागच्याच्या डोक्याचा ताप व्हायला नको.

[१९:२५] पटापट चार गोष्टी

टायर. हवा कमी असेल तर टायर चपटा होतो आणि फिरवायला जास्त जोर लागतो. चारही टायरमध्ये एक-एक पीएसआय कमी असेल तर मायलेज साधारण ०.२ टक्के घटतं. ऐकायला काहीच नाही. पण सहा महिने हवा न बघणारा माणूस सात-आठ पीएसआय कमीवर फिरत असतो. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायर गार असताना बघा, पंधरा दिवसांतून एकदा. आणि 'जरा जास्तच भर रे' असंही नको, पकड कमी होते, पावसाळ्यात ते महागात पडतं.

एसी. शहरात कमी वेगात खिडक्या उघड्या चालतात. हायवेवर उघड्या खिडक्यांनी हवेचा विरोध वाढतो, तिथे एसीच लावा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत आधी दोन मिनिटं दारं-खिडक्या उघडून गरम हवा बाहेर काढा, मग एसी सुरू करा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा.

वजन. डिकीत गेल्या दिवाळीपासून पडलेली पिशवी काढा. चाळीस-पंचेचाळीस किलो वजनामागे छोट्या गाडीला साधारण एक टक्का फटका बसतो. रिकामा कॅरियर टपावर असेल तर तोही उतरवा, तो हवेत अडतो.

सिग्नल. नव्वद सेकंदांच्या सिग्नलला इंजिन चालू ठेवलं तर साडेतीन चमचे पेट्रोल जातं. म्हणजे ६० वरून मारलेल्या एका ब्रेकएवढं! इंजेक्शनच्या गाडीला पुन्हा सुरू व्हायला अगदी थोडं पेट्रोल लागतं. आकडे दाखवणारा सिग्नल असेल आणि तीस सेकंदांच्या वर वेळ असेल तर बंद करा, पाच-सात सेकंद उरले की सुरू. बॅटरी म्हातारी झाली असेल तर हा नियम विसरा, नाहीतर मागचे हॉर्न वाजवून आरती करतील.

[२२:००] कंपनीचा आकडा आणि आपला आकडा

'कंपनी २२ सांगते, मला १४ मिळतं, फसवलं!' हे मेसेज मला दर आठवड्याला येतात. तर, तो आकडा ज्यावरून येतो ती चाचणी रस्त्यावर होत नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय नावाची संस्था आहे. तिथे फिरायला जाणारे तिलाच एआरएआय टेकडी म्हणतात. अशा चाचणीत गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवतात. जास्तीत जास्त वेग ९०, एसी बंद, ना खड्डा ना रिक्षा. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उत्तम आहे. तुमच्या महिन्याच्या बजेटसाठी नाही.

आपला आकडा आपण काढायचा. टाकी पंपावर ऑटो-कट होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा. नेहमीसारखं चालवा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा. ट्रिपचे किलोमीटर भागिले भरलेले लिटर. तीन टाक्यांची सरासरी काढा, एका टाकीवर विश्वास ठेवू नका.

आता पैसे. महिन्याला १००० किलोमीटर धरा. लिटरमागे १५ मिळत असेल तर ६६.७ लिटर लागतात, १८ मिळाले तर ५५.६. महिन्याला ११ लिटर वाचले, साडेअकराशे रुपयांच्या आसपास. वर्षाला १४ हजार. एका लिटर पेट्रोलमधून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे महिन्याला पंचवीस किलो तोही कमी.

आणि एक गंमत. १८ वरून २० ला गेलात तर १००० किलोमीटरला साडेपाच लिटर वाचतात. १० वरून १२ ला गेलात तर जवळपास १७ लिटर! दोन्हीकडे फरक दोनाचाच. म्हणजे ज्याची गाडी आज सगळ्यात वाईट मायलेज देतेय, त्याच्याच हातात सगळ्यात जास्त पैसे आहेत. तुमच्या मित्राला २२ मिळतात म्हणून हिरमुसू नका.

[२५:३०] हे मात्र करू नका

इंटरनेटवर अजून काही 'टिप्स' फिरतात. ट्रकच्या मागे अगदी जवळ चालवा, हवेचा विरोध कमी होतो म्हणे. होतो. पण ट्रकने ब्रेक मारला तर तुम्हाला दिसायच्या आत तुम्ही त्याच्याखाली असता. लाल सिग्नल लागायच्या आत निघून जा, म्हणजे थांबावं लागणार नाही. वळणावर ब्रेक टाळा, वेग तसाच ठेवा. यातलं काहीही करू नका. एका साध्या धडकेचा बंपर आणि हेडलाइटचा खर्च म्हणजे वर्षभराची बचत गेली. आणि ती झाली नुसती पत्र्याची किंमत.

खरी बचत कंटाळवाणी असते. लांब बघा, पाय लवकर उचला, गिअर वेळेत बदला, हवा तपासा. बस. गंमत म्हणजे हे सगळं केलं की गाडी सुरक्षितही चालते. पेट्रोल वाचवणं आणि जीव वाचवणं यांत निवड करायची वेळ आली असं वाटलं, तर समजा की टिप चुकीची आहे.

[२७:१०] जाता जाता

बाबांना हे सगळं मी लगेच सांगितलं नव्हतं. त्यांनी तीस वर्षं गाडी चालवलीय, मी सहा. पण मागच्या दिवाळीत पुन्हा तोच घाट लागला. या वेळी बाबा चालवत होते. उतार सुरू झाला आणि त्यांचा हात सवयीने न्यूट्रलकडे गेला. मी काही बोललो नाही. मागून आजी म्हणाली, "आज काही करपवायचं नाहीये ना?"

बाबांनी गाडी दुसऱ्यात टाकली. पोलादपूरला चहा प्यायला थांबलो तेव्हा उतरून त्यांनी चाकाजवळ हात नेऊन बघितला. "गारच आहे की," म्हणाले. बाकी काही नाही. आमच्या घरात एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

तर तुमच्यासाठी काम: पुढच्या तीन टाक्या मोजा. पहिली नेहमीसारखी, पुढच्या दोन लांब बघून आणि पाय लवकर उचलून. आकडे मला व्हॉइस नोटने पाठवा, चांगले असोत की वाईट. आणि घरात कुणी घाट न्यूट्रलला उतरत असेल तर हा एपिसोड त्यांना पाठवा. वाद घालू नका, नुसता पाठवा.

भेटू पुढच्या वेळी. सावकाश चालवा, घरी पोचा.